नेम कोणाचा, हत्यार कोणाचे?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, तत्त्वज्ञान, अर्थकारण असे विषय शोभतात. तेथे बंदुकीचा विषय, आणि तोही एका युनियनच्या माणसाने मांडावा, याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण कोणत्याही विद्यापीठात झालेले नाही. युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात रात्री जे पदरी पडले तेवढीच आमची पुंजी. परंतु हत्यार, कारागीर आणि मालकी या तीन गोष्टींशी आमचा जन्मभर संबंध आला. खेळाच्या बंदुकीचा इतिहास वाचू लागलो तेव्हा पानोपानी याच तीन गोष्टी आम्हांला भेटल्या. म्हणून हा विषय घेतला.

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीचे कांस्यपदक मिळवले. तेव्हापासून पुष्कळ तरुण विचारतात : रायफल शिकावी की पिस्तूल? अमक्या कंपनीची चांगली की तमक्या? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आम्ही यथामती देणार आहोत. मात्र आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत एका चांगल्या बंदुकीत आणि दुसऱ्या चांगल्या बंदुकीत असलेला फरक कमी कमी होत गेला आहे. बंदूक हाती येणारा आणि न येणारा यांच्यातला फरक मात्र तितका कमी झालेला नाही. आजचे सारे विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

प्रथम रायफल म्हणजे काय ते पाहू. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत स्क्रूच्या आट्यांसारखे पिळदार चर कोरलेले असतात. त्यांतून जाताना गोळीला गिरकी मिळते. जोरात फिरणारा भोवरा जसा आपल्या आरीवर स्थिर उभा राहतो, तशी ही फिरणारी गोळी आपली दिशा सोडत नाही. पिस्तुलाच्या नळीतही हेच चर असतात. मग दोघांत फरक कोणता? तो टेकण्याचा आहे. रायफल खांद्याला, गालाला आणि दोन्ही हातांना टेकते, तर नेमबाजीच्या नियमांप्रमाणे पिस्तूल एकाच लांबवलेल्या हाताने धरावे लागते आणि मनगटाला कसलाही आधार देता येत नाही. शिवाय पिस्तुलाची मागची खाच आणि पुढची माशी यांच्यात जेमतेम वीतभर किंवा थोडे जास्त अंतर असते, त्यामुळे हाताची केसभर चूक लक्ष्यावर पुष्कळ मोठी होते.

हा फरक लक्ष्याच्या कागदावर सरळ मोजता येतो. दहा मीटरवरून हवेची रायफल चालवतात, तेव्हा दहा गुणांचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान असतो. त्याच अंतरावरून हवेचे पिस्तूल चालवणाऱ्याला साडेअकरा मिलिमीटरचे वर्तुळ दिलेले असते. रायफल साडेपाच किलोपर्यंत जड चालते, पिस्तूल दीड किलोच्या आत असावे लागते. पिस्तुलाच्या चापाला किमान अर्धा किलोचा ताण असलाच पाहिजे, रायफलीच्या चापाला तशी अट नाही. तेव्हा रायफल श्रेष्ठ की पिस्तूल, या प्रश्नात फारसा अर्थ नाही. रंधा श्रेष्ठ की पटाशी, असे कोणी सुताराला विचारत नाही. ज्याला शरीर दगडासारखे स्थिर ठेवण्याची हौस आहे त्याने रायफल घ्यावी. थरथर राहणारच हे मान्य करून त्या थरथरीतून चाप ओढण्याची ज्याची तयारी आहे त्याने पिस्तूल घ्यावे.

आता इतिहासाकडे वळू. इंग्लंडमध्ये १८५९ साली राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला आणि १८६० साली विम्बल्डन येथे त्याची पहिली स्पर्धा भरली. पहिला बार राणी व्हिक्टोरियाने काढला. काढला म्हणजे काय, तर मँचेस्टरचे प्रख्यात यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यांनी आपली रायफल एका लोखंडी घोडीवर आधीच रोखून बसवली होती, राणीने फक्त चापाला बांधलेली रेशमी दोरी ओढली. चारशे यार्डांवर गोळी केंद्राच्या लगत लागली. टाळ्या राणीला मिळाल्या. नेम यंत्रज्ञाचा आणि त्याच्या कारागिरांचा होता.

त्या काळी दोन रायफलींत जमीन-अस्मानाचे अंतर असे. ब्रिटिश सैन्याची १८५३ ची एनफील्ड आपल्या चांगल्याच परिचयाची आहे. तिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ साली हिंदी शिपाई बिथरला. व्हिटवर्थची नळी षट्कोनी, तिच्यात तशीच षट्कोनी गोळी बसे. लांब पल्ल्याच्या चाचण्यांत तिने एनफील्डला पार मागे टाकले. तरीही सैन्याने ती घेतली नाही. ती महाग होती, आणि तिच्या अरुंद नळीत दारूची काजळी लवकर साचे. नेमाने उत्तम असलेली वस्तू सगळ्यांच्या हाती पडेलच असे नसते, हा पहिला धडा येथे मिळतो. मैदानात ती बाळगणारे लोक ऐपतदार होते.

दुसरा धडा १८७४ सालचा, न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावरचा. आयर्लंडच्या नेमबाजांनी अमेरिकेला आव्हान दिले होते. सहा-सहा माणसांचे दोन संघ, आठशे, नऊशे आणि हजार यार्ड अशी तीन अंतरे, प्रत्येक अंतरावर प्रत्येकाचे पंधरा बार. आयरिश लोकांकडे डब्लिनच्या रिग्बीने केलेल्या, तोंडाकडून ठासून भरायच्या रायफली होत्या. अमेरिकनांकडे रेमिंग्टन आणि शार्प्स या कारखान्यांच्या, मागून काडतूस घालायच्या नव्या पद्धतीच्या रायफली होत्या. जाणकार म्हणत, नेमकेपणा ठासणीच्या बंदुकीतच. मागून उघडणारी बंदूक लढाईला सोयीची, स्पर्धेला नव्हे. म्हणजे ही लढत जुन्या आणि नव्या हत्यारांचीच तुलना होती.

निकाल काय लागला? एक हजार ऐंशी गुणांपैकी अमेरिकेचे ९३४, आयर्लंडचे ९३१. फरक अवघ्या तीन गुणांचा. आणि त्या दिवशी मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाने एक सुरेख केंद्रवेध केला होता, परंतु तो शेजारच्या लक्ष्यावर! नियमाप्रमाणे शून्य मिळाले. ते चार गुण मिळते तर आयर्लंड ९३५ वर जाऊन जिंकले असते. अमेरिकेचा शेवटचा बार कर्नल बोडाइन यांचा होता. त्याआधी जिंजर बिअरची बाटली फुटून त्यांच्या हाताला जखम झाली होती. हाताला रुमाल गुंडाळून त्यांनी तो बार लक्ष्यावर बसवला. दोन तऱ्हेच्या बंदुका, दोनशे सत्तर-दोनशे सत्तर गोळ्या, आणि हार-जीत ठरली ती एका माणसाच्या नजरचुकीने आणि दुसऱ्याच्या जखमी हाताने. मागून भरायची रायफल ठासणीच्या तोडीची आहे एवढे सिद्ध झाले, आणि तेवढे पुरे होते. ठासणीचा जमाना संपला.

याच काळात आपल्या देशात काय चालले होते? १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची बंदी आणि युरोपियनांना मात्र सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव झाले. संस्थानिक शिकारी करीत राहिले, साहेब स्पर्धा भरवीत राहिले, बाकीच्यांनी कुस्तीच्या आखाड्यात समाधान मानले. आपल्याकडे नेमबाजी मागे का राहिली याचे कारण कोणी रक्तात किंवा परंपरेत शोधू नये. ते या कायद्याच्या पानावर लिहिलेले आहे.

गंमत अशी की, तोच इंग्रज राज्यकर्ता विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशातल्या कामगाराच्या हाती मात्र रायफल देण्याची धडपड करीत होता. बोअर युद्धात जर्मन माउझर रायफली घेतलेल्या शेतकऱ्यांनी ब्रिटिश पलटणींना हैराण केले. आपल्या गिरणी-कारखान्यांतल्या माणसाला नेम धरता येत नाही, याची तेव्हा लंडनला जाग आली. १९०१ साली कामगारांच्या रायफल क्लबांसाठी एक संस्था निघाली, आणि १९०३ पासून ती छोट्या रायफलींच्या क्लबांची संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. हेतू सैन्यभरतीचा होता, यात संशय नाही. कामगाराला बंदूक दाखवणाऱ्याचा हेतू आम्ही नेहमीच तपासून पाहतो. पण परिणाम वेगळा झाला. सैन्याची मोठी रायफल शहरात चालवता येईना, तिची गोळी मैलभर जाणार. म्हणून या क्लबांनी पॉइंट टू-टूचे चिमुकले काडतूस पत्करले. हे लाँग रायफल नावाचे काडतूस अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीने १८८७ साली काढले होते. आवाज थोडा, धक्का जवळजवळ नाही, किंमत अल्प. सुटीच्या संध्याकाळी पंचवीस यार्डांच्या बंदिस्त जागेतही ते चालवता येई. खेळाची बंदूक युद्धाच्या बंदुकीपासून खऱ्या अर्थाने वेगळी झाली ती येथे. गोळी लहान झाली म्हणून खेळ मोठा झाला, असे म्हणायला हरकत नाही.

या क्लबांतून बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीची एकबारी, मार्टिनी पद्धतीची रायफल पुष्कळ वर्षे चालली. ही कंपनी १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूक-कारागिरांनी एकत्र येऊन काढली होती. आपल्याकडे बी.एस.ए. म्हटले की वडीलधाऱ्यांना सायकल आठवते. त्या कंपनीच्या जुन्या चिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका आहेत. मार्टिनीत दस्त्याखालची कडी दाबली की मागचा ठोकळा खाली जातो आणि काडतूस घालता येते. जर्मन आन्शुट्झची चाल बोल्टची. दाराच्या अडसरासारखा बोल्ट मागे ओढून पुढे सारायचा. मार्टिनीची चाल आखूड आणि चपळ. बोल्टची रायफल खोलून साफ करायला आणि तिचा चाप नाजूकपणे जुळवायला सोपी. १९५० नंतर आन्शुट्झने हळूहळू पन्नास मीटरचे मैदान काबीज केले. बी.एस.ए.चा मोठा उद्योगसमूह १९७३ साली कोसळला. तिची रायफल वाईट होती म्हणून नव्हे, मोटारसायकलीच्या धंद्यात तो बुडाला. उत्तम माल काढणारा कारागीरही मालकाच्या हिशेबाबरोबर बुडतो, हे या सभागृहातल्या गिरणीवाल्या मंडळींना आम्ही सांगायला नको.

पिस्तुलाचा इतिहास याहून बोलका आहे. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक झाले, तेव्हा जॉन आणि समनर पेन हे अमेरिकन बंधू रिव्हॉल्व्हर घेऊन आले आणि दोघांनी एकेक सुवर्ण नेले. त्या काळी पिस्तूल हे अधिकाऱ्याच्या कमरेचे भूषण. शिपायाला रायफल, अधिकाऱ्याला पिस्तूल, अशी लष्कराची वर्णव्यवस्था होती. तिचा फटका कॅरोली ताकाच या हंगेरियन माणसाला बसला. तो उत्कृष्ट पिस्तूलबाज होता, पण हुद्द्याने सार्जंट. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी त्याला संघात घेतले नाही, कारण हंगेरीच्या सैन्यात तो मान फक्त अधिकाऱ्यांचा होता. पुढे ती अट उठली, तर १९३८ साली सरावात हातगोळा हातातच फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. नेमाचा हातच गेला. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर त्याने कोणाला न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. मग महायुद्धाने दोन ऑलिंपिक गिळली. १९४८ साली लंडनला तो अडतीस वर्षांचा होता. आपण शिकायला आलो आहोत, असे त्याने अर्जेंटिनाच्या जगज्जेत्याला सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच जगज्जेत्याला मागे टाकून, जागतिक विक्रमासह त्याने सुवर्णपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीला पुन्हा मिळवले.

येथे एक शंका येईल : हे झाले नेमबाजाचे, हत्यार घडवणाऱ्याचे काय? त्याचे उत्तर मिखाईल मार्गोलिन. हा सोव्हिएत शस्त्ररचनाकार तरुणपणी लढाईत दोन्ही डोळ्यांनी अंध झाला. स्पर्शाने नमुने घडवीत त्याने पॉइंट टू-टूचे नेमबाजीचे पिस्तूल तयार केले, आणि ते पुढे अनेक देशांच्या क्लबांत वर्षानुवर्षे चालले. ज्याला माशी दिसत नव्हती त्याने दुसऱ्याला नेम दिला. हत्याराची खरी किंमत लोखंडात नसून समजुतीत असते, हे यापेक्षा अधिक स्पष्ट कसे सांगावे?

शेवटचा टप्पा हवेच्या बंदुकीचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी हरला आणि तेथे शस्त्रे बनवण्यास बंदी आली. ओबर्नडोर्फ गावचा माउझरचा प्रचंड कारखाना फ्रेंचांनी उखडून नेला. थुरिंगियातल्या वाल्थर आणि आन्शुट्झ या घराण्यांचे कारखाने सोव्हिएत ताब्यात गेले, आणि पुढे दोघांनी उल्म गावी नव्याने मांडणी केली. ओबर्नडोर्फमध्ये माउझरच्या जुन्या यंत्रज्ञांपैकी वेस्टिंगर आणि आल्टेनबर्गर या दोघांनी फाइनवेर्कबाउ नावाचे दुकान उभारले. नावाचा अर्थच मुळी सूक्ष्म यंत्रकाम. युद्धाच्या रायफलींवर हात बसलेल्या या माणसांनी १९६० च्या दशकात हवेच्या रायफलीत एक युक्ती केली. स्प्रिंग सुटताना बंदुकीला झटका बसतो आणि नेम हलतो. त्यांनी नळी आणि यंत्र रुळांवर बसवले. बार सुटताना ते सारे मागे सरकते, आणि खांद्याला झटका कळतच नाही. वाल्थरने पुढच्या दशकात स्प्रिंगच काढून टाकली आणि दांड्याच्या एका ओढीने हवा दाबून ठेवण्याची रीत आणली. आज बहुतेक रायफली आणि पिस्तुले आधीच भरलेल्या हवेच्या नळकांड्यावर चालतात. १९८४ साली हवेची रायफल आणि १९८८ साली हवेचे पिस्तूल ऑलिंपिकमध्ये आले.

आता तरुणांच्या प्रश्नाचे उत्तर. फाइनवेर्कबाउ, वाल्थर, आन्शुट्झ, ऑस्ट्रियाची श्टायर, पिस्तुलांत स्वित्झर्लंडची मोरिनी आणि इटलीची पार्दिनी ही आज नेमबाजांची प्रतिष्ठित घराणी आहेत. शिकंजात आवळून चालवली तर यांतली कोणतीही चांगली हवेची रायफल पुन्हा पुन्हा जवळजवळ त्याच भोकातून छर्रा नेते. निवड करायची ती दस्ता आपल्या खांद्याला बसतो का, मूठ आपल्या पंज्यात भरते का, आणि गावात दुरुस्ती करणारा आहे का, एवढ्यावरच. १८६० साली रायफलीने माणसाला जिंकवले, १८७४ साली तीन गुणांवर आली, आज यंत्र जवळपास सारखे झाले आहे. उरला माणूस, आणि उरली किंमत. कारण यांतली चांगली परदेशी रायफल घ्यायची तर आकडा लाखांत जातो, आणि दोन-तीन वर्षांत मुलाचे अंग वाढले की कोट, पट्टा, दस्ता सारेच बदलावे लागते.

आपल्या देशात राष्ट्रीय रायफल संघ १९५१ साली निघाला. पहिल्या लोकसभेचे सभापती झालेले गणेश वासुदेव मावळंकर हे त्याचे पहिले अध्यक्ष. १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या कायद्याने घेतली. पुढे कोल्हापूरने तर नवलच केले. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर रायफलीत जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्ण मिळवले. आणि स्वप्नील कुसाळे हा शिक्षकाचा मुलगा, राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत वाढलेला, पदक मिळवले तेव्हा मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस होता. यांच्या मेहनतीपुढे आम्ही नम्र आहोत. पण लक्षात घ्या, प्रबोधिनी सार्वजनिक, रेल्वे सार्वजनिक. जेथे सार्वजनिक आधार मिळाला तेथे शिक्षकाचा मुलगा अधिकाऱ्यांच्या खेळात पोचला.

ताकाचने हेलसिंकीला दुसरे सुवर्ण जिंकले त्याच १९५२ साली, त्याच गावी, आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले होते. महाराष्ट्राच्या माणसाला ऑलिंपिकचे दुसरे वैयक्तिक पदक मिळायला त्यानंतर बहात्तर वर्षे लागली. गुणी माणसे बहात्तर वर्षे जन्मलीच नाहीत, असे कोणी म्हणेल काय? घर गहाण टाकणारे प्राचार्य थोरच. पण प्रत्येक मुलामागे एक घर गहाण पडावे ही समाजाची रीत होऊ शकत नाही.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. दहा मीटर म्हणजे सुमारे तेहतीस फूट. या सभागृहातही तेवढी जागा निघते. साडेचार मिलिमीटर नळीच्या, ठरावीक शक्तीच्या आतल्या हवेच्या बंदुकीला आजच्या नियमांत परवाना लागत नाही. ज्या गावाने वर्गणी काढून वाचनालय उभे केले, त्या गावाने नगरपालिका, कामगार संघटना आणि शाळा यांना हाताशी धरून चार रायफली आणि दोन पिस्तुले सामाईक ठेवावीत. त्या कुलपात राहाव्यात, वहीत नोंद व्हावी, जाणता शिक्षक समोर असल्याशिवाय कोणी हात लावू नये, आणि नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडेच असावे. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेला माणूस वाचनालयात वाचून शहाणा होतो. आम्ही स्वतः तसेच शिकलो. रायफलीच्या बाबतीतही तेच घडावे, यात अशक्य असे काही नाही.

कोणती बंदूक चांगली, हे आम्ही सांगितले. ती कोणाच्या हाती पडणार, हे आपण सर्वांनी मिळून ठरवायचे आहे.